तगर छाटली त्या वर्षी

दुर्गाघाटाच्या वरच्या अंगाला, समोरून बैल आला तर माणसाने कुणाच्या तरी दारात शिरावं अशा अरुंद गल्लीत शरदगुरुजींचं घर आहे. आजूबाजूची घरं एकमेकांना चिकटून उभी; कुणाला अंगण नाही, परस नाही. गुरुजींच्या घरामागे मात्र एक उघडा तुकडा आहे. तिथलं घर फार पूर्वी एका पावसाळ्यात खचलं आणि पुढे ती जागा गुरुजींच्या वडिलांकडे आली. इंदूकाकू लग्न होऊन आल्या तेव्हा तिथे विटांचे ढीग होते आणि मांजरं व्यायची. काकूंचं माहेर ब्रह्माघाटाचं, म्हणजे हाकेच्या अंतरावरचं. जन्म काशीतला, लग्न काशीतलं. लहानपणी त्यांनी बाग पाहिली होती ती दुसऱ्यांची, आणि तीही फाटकाबाहेरून. त्यामुळे त्या विटा उचलायला लागल्या तेव्हा सासरच्यांना वाटलं, नव्या सुनेला काम कमी पडतंय.

गुरुजी श्राद्धाची, तीर्थविधीची कामं करत. पुण्याहून, नागपूरहून, कधी बेळगावाकडून मंडळी येत, आणि घाटावर बसून आपल्या गेलेल्या माणसांना पाणी देऊन जात. श्राद्धाला फूल पांढरं लागतं; लाल चालत नाही. बाजारात मात्र झेंडू आणि गुलाबच जास्त, आणि पितृपक्षात तर पांढऱ्या फुलांसाठी मारामार. एकदा एक यजमान टोपली भरून तांबडी कण्हेर घेऊन आले. लांबून आलेला माणूस, त्याला काय बोलायचं! गुरुजींनी टोपली हळूच बाजूला सारली, तुळस आणि माक्यावर भागवलं, पण घरी आल्यावर दिवसभर चुटपुटत राहिले. आठवड्याभरात काकूंनी माहेरच्या गल्लीतल्या देवळामागून तगरीची फांदी मागून आणली.

पहिली फांदी सडली. दुसरी लावताना त्यांनी ती पेराखाली कापली, कापल्या जागेचा चीक वाळू दिला आणि मगच मातीत खोचली. माती म्हणजे गंगेचा गाळ. पूर ओसरला की घाटाच्या पायऱ्यांवर गुडघाभर गाळ उरतो आणि पंपाने धुऊन तो परत नदीत लोटतात. काकू त्याआधी घमेली भरून वर आणायच्या. नुसत्या गाळात पाणी तुंबतं आणि वाळला की त्याचा दगड होतो, हे पहिल्या फांदीने शिकवलं होतं. म्हणून त्यात विटांचा चुरा घातला, गोठ्यातलं जुनं शेण घातलं. झाड धरलं. पानं तुकतुकीत हिरवी, थंडीतही न झडणारी. माकडांना त्या कडू चिकाची गोडी नव्हती, पण फांद्यांवर झोके घेऊन ती मोडायची; तेव्हा वरून जाळी आली. पावसाळ्यात बोटाएवढ्या जाड हिरव्या अळ्या पडायच्या, अंगावर डोळ्यांसारखे निळे ठिपके असलेल्या. काकू त्या कागदावर उचलून घाटाखालच्या झुडपांत सोडून यायच्या. मारवत नसत त्यांना.

एकीच्या चार झाल्या, भिंतीच्या कडेने माणसाहून उंच वाढल्या. उन्हाळ्यापासून कार्तिकापर्यंत सकाळी झाड पांढरं दिसायचं. आसपासचे गुरुजी येऊन फुलं नेत. काकू सगळ्यांना पानांच्या द्रोणात मोजकीच पण ताजी फुलं देत आणि देताना विचारत, ‘आज कुणाचं?’ कुणाची आई, कुणाचा काका, कुणाची पहिलटकरीण लेक. काकू ऐकून घ्यायच्या. आपलं फूल कुणाच्या नावाने जातंय हे आपल्याला ठाऊक असावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचा एकुलता मुलगा निनाद. त्याला वडिलांच्या कामात रस नव्हता. घरात मराठी बोले, उंबऱ्याबाहेर पाय टाकला की बनारसी होऊन जाई. औषधांच्या एका वितरकाकडे नोकरी करायचा, बलिया, गाजीपूर, आजमगढ असा फिरायचा. ग्वाल्हेरच्या मराठी घरातली रुची त्याला सांगून आली. दोघांचं बरं चाललं होतं, निदान काकूंना तसंच दिसत होतं. लग्नाला दोन वर्षं होत होती. पौषातल्या एका सकाळी, समोरची भिंत दिसू नये असं धुकं असताना, तो बलियाला जातो म्हणून निघाला. काकूंनी डब्यात मटारचा चिवडा भरून दिला, मफलर घ्यायला लावला. रुची आंघोळीला गेली होती, तिला तो बाहेरूनच ‘येतो गं’ म्हणाला.

तो बलियाला पोचला नाही. फोन दुपारपासून बंद होता. मोटरसायकल स्टेशनच्या स्टँडवर सापडली, व्यवस्थित कुलूप लावलेली. त्यापुढे काहीच सापडलं नाही. कपाटातले कपडे जागच्या जागी होते. भांडण नव्हतं, कुणाशी वैर नव्हतं. पोलिसांनी विचारायचं ते विचारलं. गुरुजी आणि त्यांचे धाकटे भाऊ देवव्रत दवाखाने, शवागारं पालथी घालत राहिले. कुणी सांगे, त्याच्यासारखा एक जण अयोध्येत भंडाऱ्याच्या पंगतीत दिसला. दोघे अयोध्येला जात. कुणी सांगे, गोरखपूरच्या एका आश्रमात एक अबोल तरुण आला आहे. दोघे गोरखपूरला जात. तो तरुण निराळाच निघाला, आणि त्यालाही शोधणारं कुणीतरी असेल म्हणून गुरुजी त्याच्याजवळ बराच वेळ बसून आले. दर माघात काकू बसने प्रयागला मेळ्यात जायच्या. जटा वाढलेल्या, राख फासलेल्या माणसांच्या तोंडाकडे निरखून बघायच्या. एकदा एक साधू चिडला आणि चिमटा उगारून अंगावर धावला, तेव्हा गुरुजींनी त्यांना हात धरून ओढून नेलं.

हळूहळू गुरुजींनी जाणं बंद केलं. एका माघात ते म्हणाले की गुडघे दुखतात, आणि काकू एकट्या गेल्या.

घराचं दार मात्र काकूंनी दिवसा कधी बंद होऊ दिलं नाही. त्या भागात माकडांमुळे कुणी दार उघडं टाकत नाही. या घरात माकडं सरळ स्वयंपाकघरात येऊन पोळ्यांचा डबा उचलून नेत. रुचीने एकदोनदा कडी लावून घेतली तर काकू उठून ती काढत. पुढे रुचीने डबे कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावायला सुरुवात केली.

आणि फुलं देताना ‘आज कुणाचं?’ हे विचारणंही त्याच सुमारास बंद झालं.

रुची माहेरी गेली नाही. तिचे वडील न्यायला आले होते, तेव्हा ती म्हणाली की तो आला आणि मी इथे नसले तर? पुढे त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली की या दोघांना कुणी नाही. तिने बी.एड. केलं, कबीरचौऱ्याकडच्या एका शाळेत लागली. सकाळी स्वयंपाक करून जायची, संध्याकाळी येऊन दिवा लावायची. गुरुजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन तिने करवून घेतलं, काकूंचा हात मोडला तेव्हा वेणी घालण्यापासून सगळं तिने केलं. गळ्यात मंगळसूत्र होतं, वटपौर्णिमेला ती वडाला फेऱ्या घालायची. गल्लीतल्या बायका तिच्याकडे कौतुकाने बघत, आणि ती पुढे गेल्यावर एकमेकींकडे बघत.

एका पावसाळ्यात रुचीला डेंग्यू झाला. हॉस्पिटलात खाट मिळेना, तेव्हा तिच्या शाळेतले विष्णु नावाचे एक शिक्षक धावपळ करत होते. चाळिशीच्या आसपासचे, बायको वारलेले, मूळचे जबलपूरकडचे. ती घरी आल्यावर ते एकदा पपया आणि नारळ घेऊन भेटायला आले. पुढच्या खोलीत बसले, काकूंनी दिलेला चहा प्यायले, गुरुजींशी शाळेच्या गच्चीच्या गळतीबद्दल बोलले. आत रुची भिंतीला टेकून पडली होती. पुढच्या खोलीतला आवाज ओळखून तिने उशीवरचं डोकं जरा उचललं आणि कपाळावरचे केस मागे सारले. काकू तिच्यासाठी पाणी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं. पाणी देऊन त्या मागे तगरीपाशी गेल्या आणि खाली पडलेली फुलं उगाचच वेचत बसल्या.

हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहावी, असं शास्त्र सांगतं. तोवर त्याचं श्राद्ध करता येत नाही. बारा वर्षं उलटली की पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, त्याला अग्नी द्यायचा. मग त्याला गेलेला धरून पुढचे विधी. गुरुजींनी आपल्या आयुष्यात हे काम तीन-चारदा लोकांसाठी केलं होतं. निनादला जाऊन बारा वर्षं पुरी होत आली तेव्हा घरात कुणीच तो विषय काढला नाही. काढला तो देवव्रतांनी. ते संकठा घाटाजवळ राहत, रोज एक चक्कर दादाकडे असे. पौषात, शेगडीभोवती बसलेले असताना ते म्हणाले की या महिन्यात उरकून घेऊ. निनादला गती मिळेल, आणि रुचीचाही विचार करायला हवा, वहिनी.

काकू म्हणाल्या, ‘‘थंडीत तगरीला फूल नसतं, भावजी.’’

देवव्रत म्हणाले की फुलं विकत आणता येतील. काकू म्हणाल्या की विकतची नकोत. तीस-पस्तीस वर्षं सगळ्या काशीला घरची फुलं दिली, त्याला का विकतची? गुरुजी निखाऱ्यांवर राख ओढत राहिले. रुची तिथेच मटार सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. शेवटी ठरलं की पाऊस होऊन जाऊ दे, भाद्रपदातल्या वद्य एकादशीला करू. तोवर झाडं भरलेली असतील.

ते सहा-आठ महिने काकू चांगल्या होत्या. हसायच्या, खायच्या. थंडी कडक पडली तेव्हा त्यांनी झाडांवर गुरुजींची जुनी धोतरं पांघरली. चैत्रात खत घातलं. ज्येष्ठात नळाचं पाणी येईनासं झालं तेव्हा बादलीने पाणी वाहिलं. गुरुजींना वाटलं, तिने मनाची तयारी केली. आषाढात झाडं अशी फुलली की हिरवं शोधावं लागे. मग श्रावणात गंगा चढली. पायऱ्या बुडाल्या, घाटावरच्या मढ्या, लहान देवळ्या बुडाल्या, पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं, आणि दुर्गाघाटाची माणसं खिडकीत बसून नदी बघत राहिली. काकूही बसत. पाणी उतरलं, गाळ उरला, पंप लागले. गणपती आले आणि गेले.

पौर्णिमेला श्राद्धपक्ष लागायचा होता. त्याच्या दोन दिवस आधी, गुरुजी यजमानांकडे आणि रुची शाळेत असताना, काकू करवत घेऊन मागे गेल्या.

त्यांनी चारही झाडं कापली. वरच्या फांद्या कोयत्याने, जाड बुंधे करवतीने. तगरीचं लाकूड जून झालं की चिवट असतं, आणि काकू आता साठीपुढच्या. करवत अडकायची, त्या फांदीला लोंबकळून ती सोडवायच्या. प्रत्येक घावाला पांढरा चीक ओघळत होता. तो हातांना लागला, कोपरांपर्यंत गेला, लुगड्यावर ओघळून वाळला. दुपारी देवव्रत आले तेव्हा भिंतीच्या कडेला गुडघ्याएवढे चार खुंट उभे होते आणि जमिनीवर पानांचा, कळ्यांचा, फुलांचा पाचोळा पसरलेला होता. काकू त्यात बसल्या होत्या. देवव्रतांनी विचारलं, हे काय केलंत वहिनी? त्या म्हणाल्या की कीड लागली होती.

देवव्रतांनी एक फांदी उचलून पाहिली. पानं निरोगी होती. ती खाली ठेवून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. ओळखीचे गुरुजी, त्यांचे मदतनीस, वर्षानुवर्षं येणारा एक नावाडी. ‘‘चाची, फूल ना हौ का?’’ म्हणून विचारत आणि आत डोकावून खुंट बघत. काकू म्हणत, या वर्षी नाही. कुणी जास्त विचारलं तर आत निघून जात. पक्ष सुरू झाला. गल्लीतून रोज माणसं घाटाकडे जात, हातात बाजाराची फुलं घेऊन. कापलेल्या फांद्या मागेच पडून सुकत होत्या आणि त्यांच्यावरच्या कळ्या न उमलताच तपकिरी होत होत्या.

एकादशी तीन-चार दिवसांवर आली. गुरुजी काकूंना म्हणाले की आता काय करायचं ते सांग. काकू म्हणाल्या की पुढच्या वर्षी झाड फुटेल, तेव्हा. गुरुजी घोंगडीवर आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं. आयुष्यभर लोकांना धीर देणारा माणूस.

त्या दिवशी रुचीने शाळेतून सुट्टी घेतली होती. जेवणं झाल्यावर ती मागे गेली, तिने सुकलेल्या फांद्या ओढून एका बाजूला रचल्या, जागा झाडून काढली. मग खराटा टेकून ठेवला आणि काकूंना हाक मारली. काकू उंबऱ्यावर येऊन बसल्या. रुची त्यांच्या शेजारी बसली. ती हातांना लागलेली धूळ चोळत होती.

‘‘आई,’’ ती म्हणाली, ‘‘एक सांगायचं राहिलंय. तो जायच्या आधी महिनाभर झोपत नव्हता. उठून बसायचा. मी विचारलं तर म्हणायचा, काही नाही, डोकं थांबत नाही. मला म्हणाला होता, आईला सांगू नकोस. मी नाही सांगितलं.’’

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. बारा वर्षं त्यांनी त्या शेवटच्या सकाळची उलटसुलट उजळणी केली होती: चिवडा, डबा, मफलर, ‘येतो गं’. त्यात हे कुठेच नव्हतं. आपल्या मुलाला झोप येत नव्हती, आणि भिंतीपलीकडे आपण झोपलेलो होतो.

‘‘आता का सांगतेस?’’ त्यांनी विचारलं.

‘‘मी त्याची वाट बघणं केव्हाच सोडलं, आई. तुम्ही कधी सोडाल म्हणून थांबलेय.’’

काकूंना राग यायला हवा होता. तो आला नाही. रुचीच्या कानामागचे केस पांढरे झालेले त्यांना दिसले. या घरात आली तेव्हा ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायची, आणि गुरुजी तिला हळू म्हणायचे. त्यांनी विचारलं, ते जबलपूरचे मास्तर अजून इथेच आहेत का? रुची म्हणाली की त्यांची बदली झाली, चैत्रात गेले. जाण्याआधी मास्तरांनी लग्नाचं विचारलं होतं. मी म्हटलं, घरी एक काम राहिलंय, ते झाल्याशिवाय मला काही बोलता येणार नाही. त्यावर ते म्हणाले, बरं.

‘‘मग ते पौषातच का नाही म्हणालीस?’’

उत्तर काकूंना ठाऊक होतं; थंडीत फूल नसतं, असं त्याच म्हणाल्या होत्या. त्या उठल्या आणि आत जाऊन गुरुजींना म्हणाल्या की भावजींना सांगा, एकादशीला करू.

फुलं बाजारातूनच आणावी लागली. पक्षातला शेवटचा आठवडा, मागणी फार. देवव्रत दोन बाजार फिरले तेव्हा एका माळणीकडे बर्फावर ठेवलेली पुडी मिळाली. कालची असावीत, कदाचित परवाची. एकादशीच्या सकाळी काकूंनी केळीच्या पानावर पुडी सोडली. तगरच होती. पाकळ्यांच्या कडा तपकिरी झालेल्या, देठं पाण्याने मऊ पडलेली. त्यांनी एकेक फूल उचलून त्यातल्या त्यात बरी बाजूला काढली. मूठभरही निघाली नाहीत. मग त्यांनी सगळी पुन्हा एकत्र केली.

घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर अजून ओल होती. देवव्रतांनी पळसाची पानं मांडली, दर्भाने बांधली, नारळ ठेवला. त्याला नवं पांढरं वस्त्र गुंडाळलं. पानांचा तो लहानसा देह पाहिल्यावर काकूंना वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. तो निनादसारखा दिसत नव्हता, कुणासारखाच दिसत नव्हता. गुरुजी दक्षिणेकडे तोंड करून बसले. मंत्र त्यांना पाठ होते, देवव्रतांच्या आधीच त्यांच्या तोंडून निघत. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा देवव्रत थांबले. गुरुजींच्या ओठांची हालचाल झाली, पण आवाज फुटला नाही. देवव्रत पुन्हा म्हणाले, दादा, नाव. काकू मागे बसल्या होत्या. त्यांनी मागूनच, स्पष्ट आवाजात निनादचं नाव घेतलं. मग गुरुजींनी ते उच्चारलं आणि विधी पुढे सरकला.

अग्नी दिल्यावर पळसाची पानं चटकन पेटली. फुलं ओली होती, ती आधी काळी पडली आणि सावकाश जळली. काकूंच्या मनात तेव्हा एकच गोष्ट होती, आणि ती पुढे कधीच गेली नाही. इतक्या वर्षांत, नाव-गाव ठाऊक नसलेल्या किती माणसांना त्यांनी पहाटे खुडलेली, दव असलेली फुलं दिली होती. पोटच्या पोराला शिळी मिळाली, आणि ती आपल्या हातच्या करवतीमुळे.

घरी आल्यावर रुचीने गळ्यातलं काढून ठेवलं. गल्लीतल्या दोघी-तिघी आल्या होत्या, काकूंनी त्यांना बाहेरूनच वाटेला लावलं आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच दिवसा दाराला कडी घातली.

रुची दिवाळीनंतर ग्वाल्हेरला गेली आणि माघात तिचं विष्णुंशी लग्न झालं, चार माणसांत, कोर्टात. काकूंनी तिला स्वतःच्या पाटल्या देऊ केल्या. तिने एक घेतली, एक परत केली. ती ग्वाल्हेरला निघाली तेव्हा निरोप द्यायला स्टेशनवर गुरुजी गेले नाहीत. काकू गेल्या. गाडी हलल्यावर त्यांना एकदम कळलं की आपण त्या फलाटावर, निनादच्या मोटरसायकलच्या स्टँडपासून इतक्या जवळ, इतक्या वर्षांत कधी उभे राहिलो नव्हतो.

गुरुजींनी त्या वर्षानंतर श्राद्धाची कामं घेणं सोडलं. म्हणत की आता स्वर लागत नाही. यजमान आले की ते त्यांना देवव्रतांकडे पाठवत. दुपारभर पुढच्या खोलीत बसून राहत. पंचांग हातात असे, पान तेच असे. दोघांच्यात बोलणं उरलं ते भाजीपुरतं आणि औषधापुरतं. रुचीचा फोन आधी रोज येई, मग दर रविवारी, मग सणावारी. ती कमी बोलते म्हणून काकूंनी कधी तक्रार केली नाही. जास्त बोलली असती तर त्यांना काय बोलावं ते सुचलं नसतं.

तगर मात्र मेली नाही. खोल छाटली की ती उलट जोमाने फुटते. फाल्गुनात खुंटांच्या सालीतून हिरवे कोंब आले, पावसाळ्यात झाडं कमरेएवढी झाली, त्यापुढच्या वर्षी पुन्हा भिंतीएवढी. फुलं पहिल्यापेक्षा दाट. लोक पुन्हा यायला लागले. काकू म्हणत, दार उघडं आहे, हवी तेवढी न्या. स्वतः खुडून द्यायला त्या मागे जात नसत. लोक आपल्या हाताने ओरबाडून नेत, कळ्यांसकट, आणि जमिनीवर सांडलेली तुडवली जात. अळ्या पडल्या तर पडल्या. देवव्रत एकदा म्हणाले, वहिनी, जरा लक्ष द्या, चांगलं झाड आहे. त्या म्हणाल्या, त्याला माझी गरज नाही.

तिसऱ्या वर्षी, कार्तिकात, रुची आणि विष्णु काशीला आले. देवदर्शनाला म्हणून आले होते, दशाश्वमेधाजवळच्या एका लॉजमध्ये उतरले होते. घरी उतरा असं काकू फोनवर म्हणाल्या होत्या. रुची म्हणाली की कशाला त्रास. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं जेवायला आली. रुची अंगाने भरली होती, हिरव्या साडीत होती, मराठीत आता हिंदी जास्त यायला लागली होती. विष्णु गुरुजींच्या पाया पडले. गुरुजींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर काढून घेतला. पुढच्या खोलीत पुरुष बसले, गच्चीच्या गळतीचा विषय पुन्हा निघाला आणि लगेच संपला.

काकू आत पोळ्या लाटत होत्या. त्यांच्या मागे पावलं वाजली आणि थांबली. त्यांनी वळून पाहिलं. रुची स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी होती, हात पदरात घेऊन, परक्या घरी उभं राहतात तशी.

‘‘आई, आत येऊ का?’’ तिने विचारलं.

त्या स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा तिने लावलेला होता. काकूंच्या हातातलं लाटणं थांबलं. त्यांना म्हणायचं होतं की अगं, विचारतेस काय. तोंडून निघालं ते एवढंच, की ये, ओटा ओला आहे, साडी सांभाळ. रुची आत आली. तव्यावरची पोळी उलटायला झाली होती, पण तिने हात पुढे केला नाही; काकूंनीच उलटली. ती पाटावर बसून बघत राहिली. बाहेर मागच्या दाराशी कुणीतरी फुलं घ्यायला आलं होतं. फांद्या खेचल्याचा आवाज येत होता, दोघींपैकी कुणीही तिकडे पाहिलं नाही.